एटनला सन्सनी बॉल दिला नाही, की त्यानेच मागितला नाही?

पहाटपाखरू
झोप येत नव्हती म्हणून रात्री यूट्यूबवर जुन्या मॅचेस बघत पडलो होतो आणि नेमकी नको ती समोर आली. मे २०२२, अमेरिकेची बास्केटबॉल लीग एनबीए, प्लेऑफमध्ये फिनिक्स सन्स विरुद्ध डॅलस, निकालाची सातवी मॅच. ज्यांनी तेव्हा लाइव्ह पाहिली त्यांना काही सांगायला नको. आपल्याकडे सोमवारची पहाट, साडेपाच, मी ऑफिसात उशीर होईल असं आदल्या दिवशीच कळवून चहाचा मग घेऊन बसलेलो आणि हाफटाइमला स्कोअर ५७-२७. अख्ख्या सन्सचे २७ आणि तिकडे डॅलसच्या एकट्या डॉन्चिचचे २७. चहा तसाच बेसिनमध्ये ओतला.

तर विषय जुना आहे, चावून चोथा झालेला आहे, पण मला अजून पटेल असं उत्तर कोणी दिलेलं नाही म्हणून धागा काढतोय. ज्या टीमने त्या सीझनला ८२ पैकी ६४ मॅचेस जिंकल्या तिच्याकडे ड्राफ्टमधला (टीम्स क्रमाने नवे खेळाडू निवडतात तो) पहिल्या नंबरचा, सात फुटी, १०० पैकी ६३ शॉट घालणारा सेंटर, म्हणजे रिंगपाशी खेळणारा उंच गडी होता, डिआंड्रे एटन. समोर डॅलसकडे अंगाने त्याच्या तोडीचा कोणी नाही. आणि सीझनच्या सगळ्यात मोठ्या मॅचला हा माणूस किती खेळला? १७ मिनिटं. ५ पॉइंट. नंतर कोच मॉन्टी विल्यम्सला विचारलं तर म्हणे अंतर्गत बाब आहे. अहो तुमची अंतर्गत बाब, आमची झोप गेली त्याचं काय.

आता आकडे बघा. बॉल वाटणारा गार्ड ख्रिस पॉल सन्समध्ये यायच्या आधीच्या सीझनला, २०१९-२० ला, एटन मॅचला साधारण १५ शॉट मारायचा, १८.२ पॉइंटची सरासरी. पॉल आला आणि शॉट आले १० वर, पॉइंट १४.४. पण टक्केवारी? ५४ वरून थेट ६२ च्या वर. म्हणजे जो माल हातोहात खपतोय तोच दुकानदाराने कमी मागवायचा, हे कुठलं गणित? माझं स्पष्ट मत आहे की सन्सनी एटनला वाया घालवला. बोला.

बिनकामाचा
जागा पकडली. कांदाभजी घेऊन बसलोय.

आकडेमोड
पाखरू, तुम्ही आकडे बरोबर दिलेत पण वाचलेत उलटे. टक्केवारी वाढली ती शॉट कमी झाले म्हणूनच. आधीच्या १५ मध्ये काय काय होतं आठवा, पंधरा-सोळा फुटावरून जम्पर (उडी मारून लांबून मारलेला शॉट), बेसलाइनला वळून मागे झुकत मारलेले शॉट, अर्धवट हूक. नंतरच्या १० मध्ये बरेचसे असे, की पॉलने दोन डिफेंडर स्वतःवर ओढले, आयता बॉल रिंगपाशी हातात ठेवला, याने फक्त घालायचा. ते १० चे २० केले असते तर वाढलेले १० तसलेच आयते आले असते असं समजू नका.

दुसरं म्हणजे बोर्डाखाली पाठ लावून उभं राहायचं आणि बॉल मागायचा, ही जी आपल्या डोक्यातली जुनी सेंटरची प्रतिमा आहे, ती आता परवडत नाही. अशा पोस्ट-अपवर लीगभर सरासरी काढली तर एका पझेशनला, म्हणजे एकदा बॉल हाती आला की, एक पॉइंटच्या आतच येतं. पिक अँड रोलमध्ये, म्हणजे गार्डच्या डिफेंडरची वाट अडवून मग रिंगकडे धावणाऱ्या माणसाला दिला तर एकाच्या वर. सन्स एटनला त्या दुसऱ्या कामासाठी वापरत होते आणि ६४ मॅचेस जिंकत होते.

आणि तिसरं, जे एटनभक्तांना आवडत नाही. फ्री थ्रो, म्हणजे फाउल झाल्यावर मिळणारे मोकळे शॉट. सात फुटी माणूस मॅचला दोन-अडीच फ्री थ्रो मारतो? त्याच सीझनला फिलाडेल्फियाचा सेंटर एम्बीड अकराच्या वर मारत होता. ज्याला धक्का द्यायचा नाही आणि खायचाही नाही त्याच्या भरवशावर कोण ऑफेन्स उभा करेल?

पहाटपाखरू
आकडेताई, एम्बीडशी तुलना म्हणजे गल्लीतल्या गवयाला भीमसेनजींच्या शेजारी बसवण्यासारखं झालं. मी कुठे म्हणतोय त्याला २५ शॉट द्या. सन्सचा मुख्य स्कोअरर बुकर २१ च्या आसपास मारत होता त्यातले तीन-चार इकडे वळवा एवढंच.

टेंपी_तात्या
मंडळी, मी फिनिक्सच्या शेजारी टेंपीत राहतो, पंचवीस वर्षं होत आली. सन्सच्या वाईट काळातही तिकिटं काढलेली आहेत, त्यामुळे थोडा अधिकार घेतो.

२०२१ चा जून आठवा. क्लिपर्सबरोबरची दुसरी मॅच. पॉल कोविडच्या नियमांमुळे बाहेर, बुकरचं नाक फुटलेलं. एका पॉइंटने मागे, क्लिपर्सच्या पॉल जॉर्जने दोन्ही फ्री थ्रो चुकवून जीवदान दिलेलं, घड्याळात उरलेत ०.९ सेकंद. एवढ्या वेळात बॉल पकडून वळून मारणं म्हणजे अवघडच. बेसलाइनबाहेर बॉल घेऊन आपला जे क्राउडर, त्याच्या तोंडासमोर क्लिपर्सचा कझिन्स हात वर करून भिंतीसारखा उभा. बुकर पळत आला आणि एटनला धरून असलेल्या झुबाट्सच्या अंगावर स्क्रीन लावला, म्हणजे वाट अडवली. बुकरने! सगळी टीम डोळे लावून बसली होती की बॉल बुकरकडे जाणार, आणि तोच हमाली करतोय. एटन मोकळा सुटला, क्राउडरने बॉल थेट रिंगवर टाकला, याने वरच्या वर दाबला. १०४-१०३.

यात गंमत अशी की एरवी रिंगवरच्या बॉलला हात लावला तर गोलटेंडिंग, नियमभंग. पण बाहेरून टाकलेला बॉल थेट बास्केटमध्ये गेला तरी तो मोजतच नाहीत, म्हणून त्याला रिंगवर हात लावलेला चालतो. कोचने हे बरोबर ओळखून ठेवलेलं. म्हणजे एटनला वापरायचं कसं हे मॉन्टीला कळत नव्हतं असं नाही हो.

त्या रात्री इथे मध्यरात्रीपर्यंत गाड्यांचे हॉर्न वाजत होते. आमच्या सौ. बाहेर येऊन म्हणाल्या, दिवाळी आहे का.

पहाटपाखरू
तात्या, तुम्ही माझीच केस मांडलीत! त्या मॅचला एटनचे २४ पॉइंट आणि १४ रिबाउंड होते, १५ पैकी १२ शॉट आत. आणि पॉल कुठे होता? घरी!! पॉल नसताना बॉल आतमध्ये जातो आणि पॉल आला की बंद, हा योगायोग का?

आकडेमोड
आणि त्या मॅचला पॉलच्या जागी कॅम पेनने २९ मारले ते विसरलात. एका मॅचवरून सिद्धांत मांडायचा तर आमच्या सोसायटीचा वॉचमनही शास्त्रज्ञ आहे.

दोन-तीन आठवड्यांनी बक्सविरुद्ध फायनलमध्ये काय झालं तेही सांगा की. पहिल्या मॅचला एटनचे २२ पॉइंट, १९ रिबाउंड, १० पैकी ८ शॉट, सगळे खूश. आणि चौथ्या मॅचला शेवटच्या सव्वा मिनिटात बुकरने तोच वरचा बॉल टाकला, बक्सचा यानिस कुठून तरी उडत आला आणि एटनचा डंक हवेतच थोपवला. बक्स जिंकले १०९-१०३. एकच चावी असेल तर कुलूप बदलणाराही भेटतोच.

नागपूरचा_सेंटर
आतापर्यंत वाचत होतो, आता राहवत नाही म्हणून लिहितो. मोठं होईल, माफ करा.

मी काही एटन नाही. सहा फूट तीन इंच. पण आमच्या कॉलेजच्या टीममध्ये तेवढी उंची म्हणजे ताडाचं झाड, म्हणून सेंटर. नागपुरात बास्केटबॉलचं वेड किती आहे ते तिथल्यांना माहीत आहे, बाकीच्यांनी विश्वास ठेवा. सिमेंटचं कोर्ट, मे महिन्यात संध्याकाळी साडेसहालाही बुटांच्या तळव्यातून चटका वर यायचा.

सेंटरचं काम टीव्हीवर दिसत नाही ते असं. तुम्ही डिफेंडरच्या मांडीवर बसता. खरंच बसता, स्टुलावर बसल्यासारखं, ढुंगण त्याच्या मांडीला टेकवून, पाय फाकवून, डावा कोपर मागे त्याच्या छातीला अडकवून आणि उजवा पंजा उघडा वर, बॉल इथे दे म्हणून. ही जागा कमवायला सगळं अंग लागतं आणि ती टिकते दीड सेकंद, फार तर दोन. तेवढ्यात बॉल आला तर बास्केट नक्की. नाही आला तर तो माणूस घसरून पुढे येतो, जागा गेली.

आमचा गार्ड हुशार होता, हात भारी, युनिव्हर्सिटी खेळलेला. पण तो दोनदा ड्रिबल करून, इकडे बघून, तिकडे बघून मग मला द्यायचा. तोपर्यंत माझे तीन सेकंद भरायचे (रिंगखालच्या चौकोनात त्याहून जास्त थांबता येत नाही) आणि शिटी. चूक कोणाच्या नावावर? माझ्या. आमचे सर सगळ्यांसमोर ओरडायचे, अरे ए खांबा, आत तंबू ठोकलास का. असं महिनाभर झालं आणि मग मी बसायचंच सोडलं. ठरवून नाही हो, आपोआप. कोपऱ्यात लांब उभा राहायचो, आलाच तर जम्पर मारायचो, दोन आत दोन बाहेर. मग सर म्हणायला लागले याच्यात आग नाही, याला मारामारी नको असते.

एटनबद्दल लोक जेव्हा सॉफ्ट म्हणतात तेव्हा मला माझं ते कोपऱ्यातलं उभं राहणं दिसतं. २०२१ मध्ये जो माणूस पळत येऊन खोल जागा धरायचा तोच २०२३ मध्ये फ्री थ्रो लाइनच्या आसपास घुटमळताना दिसतो. तो आधीपासून असा होता, की असा झाला? गार्ड स्वतःच्या हाताने खातो, सेंटरला दुसऱ्याने भरवावं लागतं, आणि दहा वेळा तोंड उघडून घास आला नाही की माणूस अकराव्यांदा उघडत नाही.

बिनकामाचा
+१०००. ‘अरे ए खांबा’ 😂 भजी घशात अडकली.

जुनी_गार्ड
नागपूरकर, छान लिहिलंत, पण आता दुसरी बाजू ऐका कारण मी तो ‘दोनदा ड्रिबल करणारा’ प्राणी आहे. पुण्यात शाळा-कॉलेज मिळून नऊ वर्षं पॉइंट गार्ड खेळले.

आत बॉल टाकणं हा सगळ्यात कठीण पास आहे, दिसायला सगळ्यात सोपा. तुम्हाला पाठीमागचा एकच माणूस जाणवतो, मला पाच दिसतात. एक माझ्या अंगावर हात हलवतोय, एक तुमच्या पुढून हात घालायला टपलाय, आणि तिसरा पलीकडच्या बाजूने अर्धं पाऊल आत सरकून बसलाय, तो तुम्हाला दिसतच नाही. त्यात आमच्या सेंटरची एक सवय होती, बॉल पकडला की कमरेपर्यंत खाली आणायची. मी शंभरदा सांगितलं असेल, अगं बाई हनुवटीपाशी धर. खाली आला की छोट्या गार्ड येऊन चापट मारून घेऊन जायच्या. पाच पासमधले दोन असे गेले की सहावा टाकताना हात आपोआप थांबतो. तुमचं बसणं आपोआप सुटलं ना, तसंच.

एटन कमरेपाशी आणायचा. क्लिपा बघा.

आणि ख्रिस पॉल म्हणजे या खेळाने पाहिलेल्या सर्वोत्तम पास देणाऱ्यांपैकी एक. त्याला एटन मोकळा दिसला नाही हे शक्यच नाही. दिसत होता, द्यावासा वाटत नव्हता. माणूस खत्रूड आहे मान्य, पण उगाच नाही.

नागपूरचा_सेंटर
कमरेपाशी आणायचा हे मान्य. चरफडत मान्य.

पहाटपाखरू
ताई, ‘द्यावासा वाटत नव्हता’ हेच तर माझं म्हणणं आहे. फक्त तुम्ही कारण सांगताय आणि मी तक्रार करतोय.

कोकणी_मेवा
डॅलसकडे त्याच्या तोडीचा कोणी नाही असं वर कोणी लिहिलंय? बोबान मार्यानोविच होता की बेंचवर. सात फूट चार इंच.

पहाटपाखरू
आला, कीस पाडणारा आला. मॅच रंगात असताना बोबानला आणला का? नाही ना. मग.

आकडेमोड
कोकणीच्या कीसावरून एक खरा मुद्दा निघतो. डॅलसने उंच माणूस आणलाच नाही कारण त्यांना नको होता. क्लीबर वगैरे मंडळींना सेंटर करून बाहेर थ्रीच्या (तीन पॉइंटच्या) रेषेवर उभं केलं, म्हणजे एटनला रिंग सोडून तिथपर्यंत जावं लागणार आणि मागे डॉन्चिचला मोकळं रान. डिफेन्समध्ये एटनचे पाय जड पडायला लागले की कोचला त्याला बसवावंसं वाटतं. पाखरू ऑफेन्सचं म्हणतायत, पण मिनिटं गेली ती डिफेन्सने.

नागपूरचा_सेंटर
इथे मात्र मी पाखरूच्या बाजूने. क्लीबर बाहेर उभा राहून तुमच्या सेंटरला छळतो, ठीक आहे. पण बाजू बदलली की त्याच क्लीबरला एटनला अडवायचंय ना? तिकडे त्याला घाम फोडा, दोन-तीन फाउल काढा, की झक मारत बदलावा लागेल. सन्सनी तो हिशोब वसूलच केला नाही.

आणि माझ्या मते खरी चूक बोर्डाखाली पास न देणं ही नव्हतीच. आकडेताई म्हणतात तसा पोस्ट-अप महाग आहे, मान्य. पण डॅलसने त्या सिरीजमध्ये ३७ वर्षांच्या पॉलला अख्खं कोर्टभर चिकटून दमवला, पुढे आला की बुकर आणि त्याच्यावर दोन-दोन माणसं. दोघं एका गार्डवर गेले म्हणजे मागे चार विरुद्ध तीन! अशा वेळी सेंटरने रिंगपर्यंत पळायचं नाही, फ्री थ्रो लाइनवर थांबून बॉल घ्यायचा, एक ड्रिबल आणि मग आत घाल नाहीतर कोपऱ्यातल्याला दे. गोल्डन स्टेटच्या ड्रेमंड ग्रीनने यावर करिअर काढलं. एटनचा तिथला जम्पर तर ड्रेमंडपेक्षा कितीतरी गोड.

आकडेमोड
जम्पर गोड, पण पास? सन्समधल्या पाच सीझनमध्ये एकदाही त्याच्या असिस्टची (ज्यावरून बास्केट होतो त्या पासची) सरासरी दोनवर गेली नाही.

नागपूरचा_सेंटर
पोहता येत नाही म्हणून पाण्यात सोडायचं नाही आणि पाण्यात सोडलं नाही म्हणून पोहता येत नाही. ६४ जिंकलेल्या सीझनमध्ये जानेवारी-फेब्रुवारीत, जेव्हा हरल्याने काही बिघडत नव्हतं, तेव्हा त्याला रोज पाच-सहा वेळा तिथे बॉल देऊन चुका करू द्यायच्या होत्या. मे महिन्यात सातव्या मॅचला कोण शिकवतं?

जुनी_गार्ड
हे पटलं. शंभर टक्के.

टेंपी_तात्या
पैशांचंही बघा जरा, सगळं कोर्टवर घडत नाही. २०२१ च्या ऑक्टोबरला त्याच्याच बॅचच्या डॉन्चिच, ट्रे यंग, शे गिल्जस-अलेक्झांडर यांना आपापल्या टीमनी मॅक्स, म्हणजे नियमात बसेल तेवढ्या जास्तीत जास्त पैशांचे करार दिलेले. एटन फायनल खेळून आलेला, त्याला सन्सनी दिला नाही. मिकल ब्रिजेसला मॅक्स नसला तरी नवा करार दिला, याला थांब म्हणाले. पुढच्या वर्षी इंडियानाने चार वर्षांचे १३ कोटी ३० लाख डॉलर देऊ केले तेव्हा सन्स जागे झाले आणि तेवढीच रक्कम मोजून ठेवून घेतला. म्हणजे शेजाऱ्याने मागणी घातली तेव्हा यांना कळलं पोरगी लग्नाची आहे. आणि सप्टेंबरात पोरगा सांगतो की सातव्या मॅचपासून कोचशी बोलणंच झालेलं नाही. चार महिने! आमच्या घरात मी चार तास अबोला धरू शकत नाही.

बिनकामाचा
तात्या तुम्ही धरून बघा एकदा, काकू आभार मानतील 😄

कोकणी_मेवा
अवांतर: इंडियानावरून आठवलं, ऑक्टोबर २०१९ ला इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज मुंबईत वरळीच्या डोममध्ये खेळून गेले तेव्हा मी दुसऱ्या मॅचला होतो. पेसर्सकडे तेव्हा टर्नर आणि सबोनिस दोघे उंच एकत्र, किंग्जकडे बॅगली. तोच बॅगली जो २०१८ च्या ड्राफ्टला एटननंतर दुसरा गेला आणि डॉन्चिच तिसरा. तेव्हा माझ्या शेजारचे नागपाड्याचे काका म्हणाले होते, ज्यांनी तिसऱ्याला सोडला ते दोघं रडणार. काकांचा नंबर घेऊन ठेवायला हवा होता.

आकडेमोड
अवांतर नाहीच ते, सगळ्याचं मूळ तिथे आहे. एटनकडे लोक कधी एटन म्हणून बघतच नाहीत, डॉन्चिच नसलेला माणूस म्हणून बघतात. आणि नेमका डॉन्चिचनेच तो सातव्या मॅचचा तमाशा करायचा.

तरी पाखरू, एक शेवटचं. २०२३ ला सन्सकडे ड्युरंटसारखा स्टार आला, डेन्व्हरशी सहावी मॅच, पुन्हा स्वतःच्या घरी. हाफटाइमला ८१-५१. पुन्हा ३० ने मागे. त्या मॅचला एटन बरगड्यांना मार लागल्याने खेळलाच नाही. म्हणजे एटन असला तरी ३०, नसला तरी ३०.

पहाटपाखरू
हे काळजाला लागलं, ताई. माझ्याकडे उत्तर नाही.

जुनी_गार्ड
आणि नंतर एटन पोर्टलंडच्या टीमकडे गेला, तिथे काय झालं? तिथे ना पॉल ना बुकर, बॉल हवा तेवढा. पहिल्या सीझनला १६.७ पॉइंट, ११.१ रिबाउंड. म्हणजे होता तेवढाच. टीम ८२ पैकी २१ जिंकली. जो भाव त्याला फिनिक्समध्ये मिळाला नाही म्हणून तुम्ही रडताय तो तिथे मिळाला, आणि भांडं तेवढंच भरलं.

बिनकामाचा
तिथेच ना ते, जानेवारीत रस्त्यावर बर्फ झाला म्हणून घरातून निघता आलं नाही आणि मॅच चुकली? बहामाचं पोर ते, त्याला बर्फाचं काय माहीत.

नागपूरचा_सेंटर
पोर्टलंडचा पुरावा मी धरत नाही. पंचविशीत हातातलं कौशल्य आणि मनातली सवय दोन्ही घट्ट झालेली असतात. कोपऱ्यात उभं राहायला शिकलेला माणूस गाव बदललं तरी कोपराच शोधतो. नोकरी बदलल्यावर मीसुद्धा मीटिंगमध्ये दाराजवळची खुर्ची धरतो.

पहाटपाखरू
आणि आता लेकर्समध्ये डॉन्चिचच्याच हातून बॉल घेतोय. नशीब बघा.

नागपूरकर आणि ताई, तुमच्या दोघांच्या पोस्टी वाचून माझं मत अर्धं हललंय. धागा काढला तेव्हा वाटत होतं शॉट वाढवायला हवे होते. आता वाटतंय शॉट तेवढेच ठेवून जागा बदलायला हवी होती, आणि फेब्रुवारीत. मॉन्टीवरचा राग मात्र कायम.

टेंपी_तात्या
एक राहिलंच. फायनलच्या त्या उन्हाळ्यात नातवाला एटनची २२ नंबरची जर्सी घेतली होती. पोर नऊ वर्षांचं, म्हणून मुद्दाम दोन साइझ मोठी घेतली, म्हटलं एटन काय कुठे जात नाही, पोर वाढेल तसं अंगात बसेल. पोराच्या अंगात ती नीट बसायला लागली आणि एटन पोर्टलंडला गेला. शाळेत घालायची लाज वाटते म्हणतो. मग आता आमच्या सौ. ती घालून सकाळी बागेत टोमॅटोला पाणी घालतात.

बिनकामाचा
चला, कोणीतरी २२ नंबरचा पूर्ण वापर केला.